खुंट कोणता?

काही वर्षांपूर्वी बी. ए. द्वितीय वर्षाच्या अंतर्गत चाचणीत आम्ही एक प्रश्न विचारला होता : ‘देशीवादाच्या आधारे मराठी साहित्यातील अनुकरणाची मीमांसा करा.’ गुण दहा. प्रश्न नेहमीचा, आणि उत्तरेही नेहमीचीच आली. नोट्समधली वाक्ये इकडची तिकडे होऊन आमच्यापुढे पसरली : इंग्रजी अमदानीत मराठी साहित्याला परकीय कलम बांधले गेले, त्यामुळे ते मुळापासून तुटले, कलमी साहित्य आपल्या मातीत रुजत नाही, इत्यादी. आम्ही सहा-सात गुण देत पुढे चाललो होतो.

एका उत्तरपत्रिकेत मात्र दोनच परिच्छेद होते. लिहिणारी मुलगी बोरीअरबकडून एस. टी.ने येणारी. तिने लिहिले होते की, कलमाच्या झाडाले मूळ देशीच रायते. बाहेरून येते तो डोळा. मंग कलमी म्हणजे मूळ तुटलेले कसे? पुढे जंबेरीचा खुंट, डोळा भरण्याची उंची, खुंटाला फुटणारी फूट कापण्याची रीत, असे बरेच काही होते. आणि शेवटी एक वाक्य होते की, ज्यांनी हे लिहिले त्यांनी कलम पाहिलेले दिसत नाही.

आमच्यापैकी एकाने ‘झाडाले’ आणि ‘रायते’ या शब्दांभोवती तांबडी वर्तुळे काढली, समासात ‘विषयांतर’ असे लिहिले आणि दहापैकी तीन गुण दिले. ज्याने दिले त्याचे नाव येथे सांगत नाही. तो आमच्यातला आहे आणि त्या दिवशी आमच्यापैकी कोणीही तेच केले असते.

हा लेख त्या तीन गुणांबद्दल आहे. मुलीचे उत्तर बरोबर होते आणि आमचा प्रश्न चुकीचा होता, हे आम्हांला दाखवायचे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मराठी समीक्षेने गेली कित्येक दशके ज्या रूपकावर आपली मते टांगली आहेत, ते रूपक तिने वापरण्यापूर्वी कधी तपासलेच नाही, असा आमचा आरोप आहे.

१. शब्द

प्रथम शब्दच पाहू. ‘कलम’ हा शब्द मराठीत तीन ठिकाणी राबतो. लेखणी म्हणजे कलम, कायद्याचा परिच्छेद म्हणजे कलम, आणि एका झाडाचा जिवंत भाग दुसऱ्यावर बांधणे म्हणजेही कलम. शब्द अरबी-फारसीतून आला, आणि अरबीतला ‘कलम’ ग्रीक भाषेतल्या बोरूवाचक शब्दाशी जाऊन मिळतो. तिरकस छेद देऊन बोरूची लेखणी करतात. तिरकस छेद देऊनच फांदी दुसऱ्या झाडाला बांधतात. म्हणजे ‘कलमी साहित्य’ असे नाक मुरडून म्हणणारा समीक्षक ज्या शब्दाने नाक मुरडतो तो शब्द स्वतःच बाहेरून आलेला डोळा आहे. आणि ‘कलमबहाद्दर’ म्हणून तो ज्याचा गौरव करतो त्याच्या हातातही तेच कलम असते.

गावाचे नावही बोलके आहे. बोरी हा आपल्या माळरानावरचा शब्द. बोरी-बाभळी हा जोडशब्द ज्याला समजत नाही तो विदर्भातला नव्हे. त्याला लागून ‘अरब’. दारव्हा तालुक्यातल्या या गावात राहणाऱ्या कुणालाही हा जोड खटकत नाही. गावाचे नाव म्हणून तो मुरला आहे. शुद्धतेचे सोवळे नेसून बसलेल्या चर्चासत्रात मात्र असे नाव उच्चारले की, पहिला प्रश्न ‘हे कुठून आले?’ असा येतो. ‘इथे काय पिकते?’ हा प्रश्न तिथे कुणाला सुचत नाही.

२. बाग

उत्तरपत्रिका परत दिल्यानंतर मुलगी काही बोलली नाही. पुढे एका सुटीत, थोड्याशा अपराधी कुतूहलाने, आम्ही दोघे-तिघे तिच्या गावाकडे गेलो. हा सगळा कापूस-सोयाबीन-तुरीचा मुलूख. त्यात मधूनच एखादी संत्र्याची बाग. तिचे वडील स्वतः बागाईतदार नव्हेत. हिवाळ्यात रोपवाटिकांमध्ये डोळे भरायला जाणारे ते कसबी मजूर. मुलीचे ‘सर’ घरी आले म्हणून त्यांनी आधी चहा पाजला आणि मग शेजारच्या बागेत नेले. आम्ही विचारले, ‘‘काका, कलम चांगले कशावरून ओळखायचे?’’ ते म्हणाले, ‘‘डोया तं कोनीबी भरते, सर. खुंट कोनता, थे आंधी इचारा.’’

या एका वाक्यात आमच्या दहा गुणांच्या प्रश्नाचे उत्तर होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी प्रक्रिया सांगतो. विदर्भात संत्र्याचे झाड सहसा बियांपासून वाढवीत नाहीत. जंबेरीचे किंवा रंगपूर लाईमचे बी पेरतात. ही दोन्ही रानवट, काटेरी, आंबट फळांची झाडे. बाजारात त्यांना किंमत नाही. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की, जमिनीपासून साधारण वीतभर वर, म्हणजे वीस-पंचवीस सेंटिमीटरवर, सालीला इंग्रजी ‘टी’च्या आकाराची चीर देतात. निरोगी, भरपूर फळ देणाऱ्या मातृवृक्षाच्या काडीवरून ढालीच्या आकाराचा एक डोळा सालीसकट काढतात आणि त्या चिरेत बसवून पट्टीने बांधतात. डोळा धरला, फुटला, की वरचा जंबेरीचा शेंडा छाटतात. यापुढे जमिनीखाली जंबेरी आणि जमिनीवर संत्रे. दोघे एकाच झाडात आयुष्यभर राहतात, पण एकमेकांत मिसळून नाहीसे होत नाहीत. खुंट खुंटच राहतो, डोळा डोळाच राहतो.

आता समीक्षेतले ‘कलम’ आठवा. तिथे कलम म्हणजे मुळावर घाव, मातीशी फारकत. बागेत नेमके उलटे आहे. कलमात मातीशी संबंध असतो तो स्थानिक, रानवट, इथल्या उन्हाला आणि इथल्या काळ्या चिकणमातीला सरावलेल्या मुळाचाच. तो संबंध तुटू नये म्हणून तर एवढा खटाटोप! ज्या झाडाचे मूळ परके आणि नाजूक आहे त्याला वाचविण्याची युक्ती म्हणजे कलम. ‘कलमी म्हणून मूळ तुटलेले’ हे विधान वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या इयत्तेत नापास होते, आणि आम्ही ते विधान लिहिणाऱ्यांना सहा-सात गुण देत होतो.

३. शुद्ध मूळ नावाचा भ्रम

यावर कोणी म्हणेल, रूपक आहे हो, रूपकाला एवढे काय धरून बसायचे? आमचे म्हणणे असे की, ज्यांनी रूपकावरच निवाडे दिले त्यांना ही पळवाट उपलब्ध नाही. ‘आपल्या मातीतले’, ‘मुळे’, ‘रुजणे’, ‘बांडगूळ’, ‘कलमी’ हे सगळे शब्द बागेतून आणि रानातून उचललेले. माल तिथून आणायचा आणि वजन मात्र आपल्या काट्यावर करायचे, हे चालणार नाही.

नागपुरी संत्र्याचेच घ्या. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या मातीची ओळख म्हणून कायद्याने शिक्का बसला. पण हे संत्रे इथले मुळात नाही. अठराव्या शतकात भोसल्यांनी ते औरंगाबादेकडून नागपुरात आणले असे परंपरेने सांगितले जाते, आणि या फळाचे मूळ कूळ तर त्याहून कितीतरी दूर, चीनच्या दक्षिणेकडे आणि त्याला लागून असलेल्या डोंगराळ पट्ट्यात जाते. ते इथले झाले ते इथल्या खुंटावर, इथल्या मृग आणि आंबिया बहाराच्या हिशेबाने, वरुड-मोर्शीच्या आणि शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांतल्या हातांनी. कोकणचा हापूस तर नावातच आल्बुकर्क या पोर्तुगीज सरदाराचे पहिले नाव घेऊन मिरवतो. गोव्यात पोर्तुगीज पाद्र्यांनी कलमे बांधली आणि रायवळ आंब्याच्या कोयीवर वाढलेल्या खुंटांनी ती पोसली. आज हापूस कोकणचा नाही असे म्हणण्याची कुणाची छाती आहे?

तरीही कलमाची विद्या युरोपातूनच आली असे समजण्याचे कारण नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडाच्या मुळावर वा खोडावर बसविण्याची रीत सांगितली आहे. म्हणजे कलम करणे हीच जर परकीय गोष्ट मानायची, तर आपल्या परंपरेतला एक अख्खा अध्याय परकीय ठरवावा लागेल.

जगातले सर्वांत मातीनिष्ठ फळ कोणते म्हणाल तर फ्रान्सचे द्राक्ष. आमची माती, आमचा उतार, आमचीच चव, असा त्यांचा अभिमान. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर फिलॉक्सेरा ही मुळे खाणारी कीड तिथे पोहोचली आणि मळेच्या मळे सुकू लागले. उपाय शेवटी एकच ठरला : त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीचे मूळ घ्यायचे आणि त्यावर फ्रेंच द्राक्षाचे कलम बांधायचे. तेव्हाही शुद्धतावादी ओरडले की, आमची वाईन अमेरिकन होईल. झाली नाही. आज फ्रान्समधले बहुतेक द्राक्षमळे अमेरिकन मुळांवर उभे आहेत आणि अभिमान जिथल्या तिथे आहे. इथे तर मूळच परके आणि फळ देशी! हिमाचलात आणि कुमाऊंत नाशपातीची बाग करताना कैंथ किंवा मेहल या डोंगरी जंगली नाशपातीचा खुंट घेतात. तिथे मूळ रानचे आणि डोळा बाहेरचा. दोन्ही रीतींनी झाडे जगतात. तात्पर्य, ‘देशी की परकी’ हा प्रश्न बागेत अपुरा ठरतो. बागेतला प्रश्न असा : या मातीला कोणता खुंट सोसेल, त्याला कोणता डोळा मानवेल, आणि जोड धरेल का?

४. साहित्यातले जोड

हाच प्रश्न साहित्याला विचारून पाहा. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची. मुंबई विद्यापीठही १८५७चेच. कादंबरी हा प्रकार बाहेरचा डोळा, याबद्दल वाद नाही. पण १९६०मध्ये उद्धव शेळक्यांची ‘धग’ आली तेव्हा त्या डोळ्याखाली कोणता खुंट होता? कौतिकच्या तोंडची वऱ्हाडी. कादंबरी हा आकार विलायतेतून आला म्हणून कौतिक विलायती झाली काय? उलट त्या आकाराशिवाय कौतिकचे झिजणे तीनशे मैलांवरच्या वाचकापर्यंत पोहोचलेच नसते.

गझल तर याहून स्पष्ट उदाहरण. माधव जूलियनांचे ‘गज्जलांजली’ १९३३चे. त्यांनी डोळा आणला, बांधला. पण जोड धरला, झाड मोठे झाले, ते अमरावतीच्या सुरेश भटांकडे. ‘रंग माझा वेगळा’ १९७४, ‘एल्गार’ १९८३. काफिया, रदीफ, मतला, मक्ता हा सगळा व्याकरणाचा भाग फारसी-उर्दूतला, आणि भटांनी तो कुठेही लपविला नाही. खाली मात्र मराठीचा खुंट इतका भक्कम की, बाजारपेठेत काम करणारा माणूसही ती गझल गुणगुणू लागला. संत्र्याच्या मुलखात गझलेचे कलम धरावे, हा योगायोग आम्हांला फार आवडतो.

आणि बोरीअरबचेच द्यायचे तर शंकर बडे (१९४७–२०१६). वऱ्हाडीचा हा कवी या गावचा. त्यांच्या एकपात्री प्रयोगाचे नाव होते ‘बॅरिस्टर गुलब्या’. नाव पुन्हा एकदा वाचा. ‘बॅरिस्टर’ लंडनहून आलेला, ‘गुलब्या’ वऱ्हाडातला, आणि दोन शब्दांच्या जोडातून जो हशा उठतो तो दोघांपैकी एकाचा नाही. आमच्या चाचणीत हे शीर्षक आले असते तर आम्ही कोणत्या शब्दाभोवती तांबडे वर्तुळ काढले असते?

५. जोड मातीत गाडू नये

बागेत आम्ही एक गोष्ट शिकलो ती कोणत्याही समीक्षाग्रंथात नाही. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. रोप लावताना खड्डा खोल झाला, किंवा आळ्यातली माती बुंध्याशी चढत गेली आणि जोड मातीखाली गेला, तर पावसाळ्यात ओल धरून फायटोप्थोरा बुरशी लागते. साल कुजते, खोडातून डिंक पाझरू लागतो. त्याला बागाईतदार डिंक्या म्हणतात. म्हणून तर डोळा वीतभर वर भरायचा, म्हणून बुंध्याला बोर्डो मलम लावायचे, म्हणून पाणी बुंध्याला लागू द्यायचे नाही. जोड उघडा असेल तर झाड निरोगी. जोड लपविला की झाड सडते.

मराठी समीक्षेचा डिंक्या नेमका हाच आहे. एका पक्षाने जोड लपविला तो ‘आम्ही विश्वसाहित्यच लिहितो’ असे म्हणून. खालच्या खुंटाची, म्हणजे ओवी-अभंग-लावणीची, बोलींची, गावच्या गोष्टीची त्यांना लाज वाटत होती. दुसऱ्या पक्षाने जोड लपविला तो ‘आमचे सारे याच मातीतले’ असे म्हणून. त्यांना वरच्या डोळ्याची लाज वाटत होती. भालचंद्र नेमाड्यांच्या देशीवादाची मूळ मांडणी याहून पुष्कळ सूक्ष्म आहे, आणि ‘कोसला’च्या (१९६३) लेखकाला बाहेरचे वाचायला मनाई करायची होती असे कोणी म्हणणार नाही. आमचा वाद आहे तो चर्चासत्रांतून, गाइडांतून आणि आमच्याच नोट्समधून वाटल्या गेलेल्या देशीवादाशी. त्या देशीवादाला ना खुंट ओळखता येतो ना डोळा. त्याला फक्त हद्दपारीचा हुकूम काढता येतो.

हा हुकूम यवतमाळात निघालेला आम्ही पाहिला आहे. २०१९च्या जानेवारीत ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावले होते. इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठी संमेलनाचे उद्घाटन कशी करणार, असा विरोध झाला आणि निमंत्रण मागे घेतले गेले. जिथे प्रत्येक संत्र्याचे झाड दुसऱ्याच्या मुळावर उभे आहे त्या मुलखात, बाहेरचा डोळा नको म्हणून दार लावले गेले! त्या वेळी आमच्यातले किती जण बोलले? आम्हीही बहुतेक स्टाफरूममध्येच बोललो. हेही येथे नोंदविले पाहिजे.

६. सुरी कुणाच्या हातात?

येथवर आम्ही एका बाजूने बोललो. पण प्रतिपक्षाचा एक मुद्दा खरोखर बळकट आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कलम म्हणजे खुंटावर हिंसाच असते. जंबेरीचा शेंडा छाटला जातो. तिला तिचे स्वतःचे फळ पुन्हा कधी येत नाही. डोळ्याखालून तिची फूट निघाली की, ती लगेच खुडतात. न खुडली तर ती वरच्या संत्र्याला दाबून टाकते. वासाहतिक शिक्षणाने आपल्यावर बांधलेले कलम असेच नव्हते काय? सुरी कुणाच्या हातात होती?

होते, आणि सुरी आपल्या हातात नव्हती. एकोणिसाव्या शतकापुरते हे उत्तर मान्य. पण आज सुरी कुणाच्या हातात आहे? ‘झाडाले’भोवती वर्तुळ काढणारा तांबडा पेन इंग्रजांचा नव्हता. प्रमाण मराठीचा डोळा वऱ्हाडीच्या खुंटावर बांधणारे आम्ही. खालून वऱ्हाडीची फूट निघाली की ती खुडणारेही आम्हीच. आणि पुन्हा त्याच तासाला ‘मुळाशी इमान राखा’ असे व्याख्यान देणारेही आम्हीच! मुळांचा जयजयकार करणाऱ्या वर्गात मुळाला तोंड उघडण्याची बंदी आहे, हा आमच्या अध्यापनातला खरा दंभ आहे.

कोणी म्हणेल, फूट खुडली नाही तर झाड जाईल हे तुम्हीच सांगता. बरोबर. परीक्षेत, अर्जात, न्यायालयात प्रमाणभाषा लागते, ती विद्यार्थ्याला नीट आलीच पाहिजे. ती न शिकविणे हा बोलीचा गौरव नव्हे, मुलांची फसवणूक आहे. पण रोपवाटिकेचा दुसरा नियमही ऐका. खुंटासाठी जंबेरीचे बी लागते, आणि ते बी कलम न केलेल्या, आपल्या बुडख्यावर आपलेच आंबट फळ धरणाऱ्या जंबेरीच्या झाडावरूनच मिळते. सगळ्याच जंबेऱ्यांवर डोळे भरले तर पुढच्या हंगामाला खुंट कुठून आणणार? जी भाषा आपल्या सगळ्या बोली छाटून प्रमाण होते तिला एका पिढीनंतर बांधायला खुंटच उरत नाही. म्हणून वऱ्हाडी केवळ संवादापुरती, विनोदापुरती, स्नेहसंमेलनातल्या एकपात्रीपुरती ठेवून भागणार नाही. तिच्यात विचार लिहिला गेला पाहिजे, उत्तरपत्रिकेतसुद्धा, निदान जिथे तर्क तपासायचा आहे आणि वर्तनी नाही तिथे.

ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद आम्हांलाही झाला. पण अभिजातपणाचे प्रमाणपत्र हे मुळाच्या वयाचे प्रमाणपत्र आहे. मूळ दोन हजार वर्षांचे आहे, ठीक. त्यावर आज कोणता डोळा धरतो आहे, आणि ते मूळ ज्या बोलींनी पोसले त्यांची अवस्था काय, हे ते प्रमाणपत्र सांगत नाही.

७. बोरीचे कलम जागेवरच

शेवटी बोरीकडे येतो, कारण गावाचे नाव तेच आहे. संत्र्याचे कलम रोपवाटिकेत बांधून मग शेतात लावतात. बोरीचे तसे करून फारसे साधत नाही. बोरीचे सोटमूळ खोल, सरळ खाली पाण्याच्या शोधात जाणारे. रोप उपटून दुसरीकडे लावायला गेले की तेच तुटते. म्हणून जाणता शेतकरी बांधावरची किंवा जागेवर पेरलेली रानबोर उन्हाळ्यात बुंध्याशी छाटतो, तिला फुटलेल्या नव्या फुटीवर पावसाळ्याच्या तोंडाशी उमराणसारख्या जातीचा डोळा भरतो आणि तिथेच वाढू देतो. खोल मूळ शाबूत, म्हणून कोरडवाहू रानात पाण्यावाचून फळ. १९९०पासून रोजगार हमी योजनेशी जोडून जी फळबाग लागवड महाराष्ट्रात झाली तिच्यात बोरीला जागा मिळाली ती याच काटकपणामुळे.

आमची शिक्षणपद्धती याच्या उलट आहे. आम्ही रोप उपटतो. बोरीअरबच्या मुलीला आधी तिच्या बोलीतून उपटायचे, मग तिच्या बापाच्या कसबातून उपटायचे, मग ‘मातीशी नाळ’ या विषयावर तिच्याकडून निबंध लिहून घ्यायचा. सोटमूळ तुटलेल्या रोपाला मग आम्ही नोट्सचे पाणी घालत बसतो. डोळा रोपाकडे गेला पाहिजे, रोप डोळ्याकडे नव्हे. रूपक, देशीयता, अनुकरण, संस्करण या संज्ञा तिच्या जागेवर, तिला ज्ञात असलेल्या खुंटावर बांधता येत होत्या. तिने तर आम्हांला चिरेची जागासुद्धा दाखविली होती. आमच्यात कसब नव्हते.

रूपकाला मर्यादा आहेत हे आम्ही जाणतो. झाडात खुंट आणि डोळा शेवटपर्यंत वेगळे राहतात. भाषेत ते एकमेकांत उतरतात. पण झाडातही थोडे उतरतेच. फळाची जात डोळ्याची असली तरी सालीची जाडी, रसाची गोडी, झाडाची वाढ आणि आयुष्य यांवर खुंटाची छाप पडते, हे बागाईतदाराला ठाऊक असते. म्हणून तो रोप घेताना संत्र्याची जात विचारून थांबत नाही. खुंट खोटा निघाला तर ते कळायला पाच-सहा वर्षे जातात, झाड फळावर येईपर्यंत. आणि तोवर पैसे घेणारा रोपवाला समोर नसतो. शिक्षकाचेही तसेच आहे. आम्ही दिलेल्या सहा-सात गुणांचे काय झाले ते पाहायला आम्ही थांबत नाही.

त्या मुलीचे काय झाले ते मात्र आम्हांला ठाऊक आहे. तिने पदवी पूर्ण केली. एम. ए. मराठीला ती आली नाही. आम्ही विचारले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘‘सर, मराठीत मले काही येत नाही, असं वाटते.’’ ज्या मुलीने आमच्या विषयातले सर्वांत नेमके वाक्य लिहिले होते तिच्याकडून आम्ही हे वदवून घेतले. चाचणीचे गुण पुढे बदलता येत नाहीत. बदलता आले ते एवढेच की, तो प्रश्न आम्ही प्रश्नसंचातून काढून टाकला. त्याच्या जागी आता असा प्रश्न आहे : ‘तुम्ही वाचलेल्या कोणत्याही एका मराठी कलाकृतीचा खुंट कोणता, डोळा कोणता आणि जोड कुठे दिसतो, ते तुमच्या भाषेत लिहा.’ गुण दहाच.

‘तुमच्या भाषेत’ या शब्दांवर विभागात अजून वाद चालू आहे. तो चालू राहावा. तोवर तांबडा पेन हातात घेणाऱ्या आमच्या सर्व सहव्यवसायींना एकच विनंती आहे : वर्तुळ काढण्यापूर्वी खाली वाकून पाहा. जिथे चूक दिसते आहे तिथे कदाचित जोड असेल.